तुतीचा पासपोर्ट फोटो

सासरे : हनुवटी वर. थोडी अजून. हां... आता हलायचं नाही.

सून : बाबा, चिमणीला हनुवटी नसते.

सासरे : शू! तोंडात काडी धरलीये तिनं. चेहरा झाकला जातोय. काडी बाजूला ठेव म्हणावं.

सून : अहो, घरटं बांधतेय ती. काडी हीच तर बातमी! तुमच्या चिरंजीवांनी जहाजावरून काय लिहिलंय? 'इथं पाण्याखेरीज काही दिसत नाही, ऋतू बदलला तरी पत्ता लागत नाही. घराभोवती वसंत आला की रोज एक फोटो पाठवा.' चिमण्यांची ओळखपत्रं काढायला नाही सांगितलं.

सासरे : गेली उडून. तू बोललीस आणि गेली. माझ्या स्टुडिओत गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की दुसऱ्यानं खोकायचं नाही, असा नियम होता.

सून : म्हणून परवा शेजारच्या मांजरीला स्टुलावर बसवलंत.

सासरे : बसली की नाही? दोन्ही कान दिसतायत, नजर समोर, मागं पांढरी चादर. तो फोटो लावला तर कुठलंही सरकार तिला पासपोर्ट देईल. एका फटक्यात.

सून : अहो, पण थंडी संपली म्हणून ती अंगावरचे केस गाळतेय, ते दाखवायचं होतं ना! तुम्ही आधी तिला विंचरलंत आणि मग फोटो काढलात. वसंत सगळा ब्रशात गेला.

सासरे : पारोशा माणसाचा फोटो काढतात का? नाही ना? मग मांजरीचा तरी का काढायचा? बरं, ते जाऊ दे. तू सकाळपासून तोंड का पाडून बसलीयेस? आज दुकान नाही?

सून : दुपारची पाळी आहे. आणि तोंड पडलंय ते कालच्या मीटिंगमुळं. नाक कापलं गेलं माझं, बाबा. अख्ख्या बिल्डिंगसमोर.

सासरे : एका झाडापायी एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.

सून : एक झाड? आवारात दुसरं आहे का एखादं? मीटिंगच्या आधीच मी छातीठोकपणे सांगितलं होतं, तुती मेलेली नाही. खालच्या फांद्या गेल्या वर्षी सोसायटीनंच छाटल्यात, म्हणून खालून ती खांबासारखी दिसते. पण शेंडा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येतो, आणि तिथं कोंब धरलेत, मी डोळ्यांनी बघितलेत. त्यावर सेक्रेटरीकाका काय म्हणाले? 'तीन जिने चढण्याएवढे माझे गुडघे धड नाहीत. फोटो आणा. फोटो खोटं बोलत नाही.'

सासरे : हे मात्र शंभर टक्के खरं बोलला तो.

सून : मग काल मीटिंगमध्ये तुमचा फोटो टेबलावर ठेवला. सगळ्यांनी एकदा फांदीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. फांदी अशी गुळगुळीत, जणू आत्ताच दाढी करून आलीये! पहिल्या मजल्यावरच्या आजी मला म्हणाल्या, 'नवरा लांब असला की असं होतं गं, नसलेलं दिसायला लागतं.'

सासरे : फोटो झकास आला होता पण.

सून : फोटो झकास आणि झाड खलास! सगळ्यांचे हात वर झाले, ठराव पास झाला. आता येतीलच करवतवाले.

सासरे : अगं, चूक होते माणसाची. दिवसभर त्या औषधांच्या बाटल्यांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचतेस तू. डोळ्यांसमोर ठिपके नाचत असतील.

सून : मलाही आता तसंच वाटायला लागलंय. म्हणून सकाळपासून त्या खिडकीचा पडदासुद्धा सरकवला नाही. बघायची हिंमत होत नाही. या घरात आले तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा बोललं कोण, माहितीये? ती तुती. तुमचे चिरंजीव महिनाभरात जहाजावर गेले, तुम्ही स्टुडिओत, मी एकटी ओट्याशी. खिडकीत ही बाई हिरवीगार. रोज सकाळी मी तिला सांगायचे, आज मीठ जास्त झालं, आज दूध उतू गेलं. हसू नका.

सासरे : हसत नाहीये मी. तुझा फोन वाजतोय.

सून : जहाजावरूनच आहे. मांजरीचा आणि तुतीचा फोटो मिळालेला दिसतोय त्यांना. थांबा, वाचते. 'चिमणीची वाट बघतोय. मांजर पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते.'

सासरे : गाढव आहे.

सून : 'तुतीला काय झालं? एवढी उघडीबोडकी? आणि मागच्या भिंतीला रंग कधी दिला? लहानपणी मी तुती फेकून फेकून ती भिंत जांभळी केली होती, बाबांनी मला बदडलं होतं, ते डाग कुठं गेले?'

सासरे : बदडलं नव्हतं. एकच चापट मारली होती.

सून : पण भिंतीला रंग कुठं दिलाय? डाग तर आहेत अजून.

सासरे : आहेत ना. भिंतीवर आहेत. फोटोत नाहीत.

सून : म्हणजे?

सासरे : म्हणजे काय? काढले मी. कॉम्प्युटरवर. माणसाच्या मागची बाजू स्वच्छ नको? चाळीस वर्षं हेच केलं, आता झाडाला कशाला कमी लेखायचं?

सून : बाबा. फांदीवर काही होतं का?

सासरे : फांदीवर काय असणार?

सून : आठवा. नीट आठवून सांगा.

सासरे : काही नाही गं, बारीकबारीक ठिपके होते. तपकिरी, जरा फुगीर. वयात आलेल्या पोरांच्या गालावर येतात ना मुरमं, तसले.

सून : मग?

सासरे : मग पुसले. एकेक करून. भिंग लावून बसलो होतो, चहा गार झाला माझा. तुझी मीटिंग होती म्हणून जीव ओतून काम केलं.

सून : बाबा!

सासरे : एवढं किंचाळायला काय झालं? गिऱ्हाइकाच्या हातात मुरमांसकट फोटो द्यायचा?

सून : अहो, ते कोंब होते!

सासरे : कोंब?

सून : कोंब. पालवीचे. ज्यांच्यासाठी फोटो काढायला सांगितला होता, तेच ते!

सासरे : ते... सगळे?

सून : सगळे! तुम्ही एकही सोडला नसणार, मला तुमचा हात माहीत आहे.

सासरे : शेंड्यावर एक होता, त्याला फार वेळ लागला. मोठा होता... अरे देवा. म्हणजे मी त्या झाडाचा अख्खा वसंत पुसून टाकला?

सून : आणि वर त्याची मोठी प्रत काढून माझ्या हातात दिलीत! हसू की रडू तेच कळत नाही मला. एकीकडं जीव भांड्यात पडलाय, माझे डोळे शाबूत आहेत म्हणून. दुसरीकडं तुमचा तो माउस खिडकीबाहेर फेकावासा वाटतोय. डाग दिसला की खाजच सुटते तुमच्या हाताला. मग तो भिंतीवरचा असो, फांदीवरचा असो, नाहीतर माझ्या हनुवटीवर...

सासरे : तुझ्या हनुवटीवर काय?

सून : काही नाही. चला, खिडकीशी चला, वेळ नाही.

सासरे : नाही, बोल. अर्धवट बोललेलं मला पचत नाही.

सून : हॉलमधला तो लग्नातला फोटो, बाबा. तुम्ही मोठा करून कौतुकानं लावलात. पाहुणे म्हणाले, काय सुरेख! मी बघितला तर हनुवटीवरची खूण गायब. सायकलवरून पडले होते, टाके पडले होते, ती. आईनं ज्या खुणेवर हात फिरवून मला सासरी पाठवलं, तीच नाही. मला वाटलं, सून पसंत आहे यांना, फक्त हनुवटी सोडून. वाईट वाटलं हो. अजूनही केर काढताना वर लक्ष गेलं की वाटतं, ही कोण बाई माझ्या नवऱ्याशेजारी उभी आहे?

सासरे : अगं... मी ते तुझ्यासाठी केलं होतं.

सून : माहितीये.

सासरे : नाही, माहीत नाही तुला. लोकांच्या फोटोवर मी किती वेळ घालवायचो? गिऱ्हाईक बाहेर बसून चप्पल घालेपर्यंत. तुझ्या फोटोवर दोन दिवस बसलो होतो. घरात सून आली, सासू नाही, दागिना घालायला दुसरं कुणी नाही. माझ्याकडं द्यायला होतं काय? हातातली कला होती, ती दिली. तुला दुखेल असं डोक्यातच आलं नाही. मी...

(खाली आवारात करवत सुरू झाल्याचा आवाज.)

सून : आले! बाबा, कॅमेरा घ्या! ओ दादा! ओ करवतवाले! थांबा! अहो वर बघा, वर!

सासरे : पडदा सरकव आधी, पडद्यातून ओरडतेयस.

सून : थांबा म्हणते ना! बंद करा ते!

सेक्रेटरी : ताई! मीटिंग काल झाली. मीटिंगला अध्यक्ष असतात, सूचक असतो, अनुमोदक असतो. खिडकीतून मीटिंग होत नसते!

सून : काका, फोटोत चूक झालीये! झाड जिवंत आहे!

सेक्रेटरी : ते करवत सांगेल! तुमची कपड्यांची दोरी झाडाला बांधलेली आहे, ती तेवढी सोडून घ्या. माणसं खोळंबलीत.

सून : नाही सुटत! गाठ घट्ट बसलीये!

सेक्रेटरी : मग कापा!

सून : कात्री सापडत नाही! आणि दोरी न सोडता झाड पाडलंत तर खिडकीचा गज उपटून खाली येईल. तुमच्या गाडीवर!

सेक्रेटरी : गाडीवर? थांबा! ए, थांबव रे ते. कुणी हात लावू नका. येतो मी वर. स्वतः सोडतो. काय एकेक माणसं असतात...

सासरे : सूनबाई, गाठ खरंच बसलीये?

सून : बाबा, तुम्ही फोटो काढा. तीन जिने आणि त्यांचे ते गुडघे. आपल्याकडं चहा उकळण्याएवढा वेळ आहे.

सासरे : उजेड समोरून येतोय. मागं पांढरी चादर धरता आली असती तर...

सून : चादर नको! काही नको! नुसतं बघा आणि काढा.

सासरे : बघतोय. बघतोय ना... मुरमं आहेत. म्हणजे कोंब. आहेत गं बाई, रांगेनं आहेत. काल मी कसा आंधळा झालो होतो?... अरे!

सून : काय?

सासरे : शेंड्यावरचा तो मोठा, ज्याला फार वेळ लागला होता. तो फुटलाय. हिरवं काहीतरी बाहेर आलंय. हे काल नव्हतं. तू बघ, माझा चष्मा भरून आला.

सून : चष्मा नाही हो, डोळे. सरका... पान आहे बाबा! चुरगळलेलं, माझ्या नखाएवढं. अगो बाई, किती ते इवलंसं! काढा, काढा लवकर.

सासरे : हनुवटी... नाही. काही नको. आहेस तसंच राहा. वाऱ्यानं हललंस तरी चालेल. हां. निघाला.

सेक्रेटरी : दो... दोरी... कुठाय?

सून : काका, आधी बसा. हे स्टूल घ्या. पाणी?

सेक्रेटरी : पाणी नको. ठरावाची... अंमलबजावणी... बरं, द्या पाणी.

सासरे : दमानं प्या. आणि हे बघा जरा. आत्ता काढलाय, अजून कॅमेऱ्यातच आहे. हे बटण दाबलं की मोठं दिसतं.

सेक्रेटरी : हं. पान आहे. कोंबही आहेत. छान. आता मला सांगा फोटोवाले, काल याच फांदीवर काही नव्हतं आणि आज बाग फुललीये? रात्रीत? झाड आहे की जादूचा प्रयोग? कॉम्प्युटरवर चिकटवलं असणार तुम्ही.

सासरे : चिकटवलं नाही. मी आयुष्यात काही चिकटवलेलं नाही. मी काढतो फक्त.

सेक्रेटरी : म्हणजे?

सासरे : काल मी ते कोंब पुसले. मला वाटलं, डाग आहेत.

सेक्रेटरी : पुसले?

सासरे : पुसले.

सेक्रेटरी : माझा मस्सा पुसला होतात तसे?

सून : कुठला मस्सा?

सेक्रेटरी : हा! हा नाकावरचा. जन्मखूण म्हणून सगळ्या कागदांवर लिहिलेला. यांनी माझा पासपोर्टचा फोटो काढला आणि मस्सा गुल! ऑफिसात खेटे घालून घालून चपला झिजल्या माझ्या. खिडकीतला साहेब विचारायचा, मस्सा कुठाय? मी म्हणायचो, हा काय, नाकावर! तो म्हणायचा, तुमच्या नाकावर असेल, अर्जदाराच्या नाकावर नाही.

सासरे : फोटोत दहा वर्षांनी तरुण दिसत होतात तुम्ही.

सेक्रेटरी : दिसत होतो हो! बायकोनं तो फ्रेम करून लावलाय. पण विमान चुकलं ना माझं!

सून : काका, मग तर तुमचा विश्वास बसायला हवा. ज्या माणसानं तुमचा एवढा मोठा मस्सा सोडला नाही, तो कोंब सोडेल?

सेक्रेटरी : हं. ते एक आहे. यात तथ्य आहे.

सून : आणि फोटो बाजूला ठेवा. तीन जिने चढून आलातच आहात तर इथं या, खिडकीशी. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

सेक्रेटरी : ...हां. आहे. जिवंत आहे. नाही म्हणता येणार नाही. तरीपण, ताई, मनातलं सांगू? जिवंत आहे हीच तर पंचाईत आहे.

सून : म्हणजे?

सेक्रेटरी : माझी गाडी पांढरी आहे. उभी करायला तेवढीच जागा मिळते, झाडाखाली. फळं लागली की रोज सकाळी गाडी जांभळी. घासून घासून माझा खांदा गेला. मेलं म्हटल्यावर, खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं होतं.

सून : अहो काका, एवढंच होतं तर फळांच्या दिवसांत गाडीवर काहीतरी पांघरूण घाला ना!

सेक्रेटरी : एवढं मोठं पांघरूण आणू कुठून? बाजारातलं घातलं होतं, वाऱ्यानं उडून गेलं. चांगलं जाड, वजनदार कापड हवं.

सासरे : माझ्याकडं आहे.

सून : तुमच्याकडं?

सासरे : निळा पडदा.

सून : बाबा, स्टुडिओतला पडदा? दुकान बंद केल्यापासून पेटीत आहे तो. मला झटकायलासुद्धा हात लावू देत नाही तुम्ही!

सासरे : पेटीत ठेवून काय त्याला पिल्लं होणारेत? जाड आहे, खाली लोखंडी नळी शिवलेली आहे, वादळातही हलायचा नाही. अर्ध्या गावाला पाठीशी घातलंय त्यानं. एक गाडी म्हणजे काहीच नाही.

सेक्रेटरी : पण फोटोवाले, त्याच्यावर डाग पडतील. तुतीचे. जाणार नाहीत.

सासरे : पडू देत. जन्मभर लोकांचे डाग काढले, आता एखादी वस्तू डागाळलेली असू दे घरात.

सेक्रेटरी : हं. मग ठरावाचं असं करू. नव्यानं मीटिंग घ्यावी लागेल. तोवर स्थगिती. पण अट आहे. हा आजचा फोटो संध्याकाळपर्यंत खाली फळ्यावर लागला पाहिजे. आणि याला तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही.

सासरे : नाही लावत.

सेक्रेटरी : भिंतीवरच्या डागांनासुद्धा नाही.

सासरे : नाही म्हटलं ना! अंत बघू नका.

सेक्रेटरी : ओ! वर बघा, मी बोलतोय! शिडी काढा! हो, काढा! मेलेली नाही ती, दिसायला तशी आहे! चहा घ्या माझ्या घरी आणि निघा!... बरं, ताई, ती दोरी राहिली की. द्या, सोडून टाकतो, उगाच चढलो म्हणायला नको.

सून : राहू द्या काका. ती एका ओढीत सुटते.

सेक्रेटरी : ...सून अगदी सासऱ्याला शोभते. येतो मी. गुडघ्यांना उतरताना जास्त त्रास होतो, पडदा तुम्हीच खाली आणा.

सून : गेले. बाबा, मला नाचावंसं वाटतंय. खरंच. चहा टाकते. आणि फोटो पाठवते जहाजावर. काय लिहू खाली?

सासरे : लिही, भिंतीला रंग दिलेला नाही. तुझे डाग जागच्या जागी आहेत.

सून : आणि?

सासरे : आणि चापट एकच होती.

सून : लिहिलं. अहो, हॉलमध्ये कुठं निघालात? स्टुलावर चढू नका! काय काढताय?

सासरे : हा फोटो. काढून ठेवतो. खिळा तेवढा राहू दे.

सून : बाबा, मी रागानं नव्हते बोलले. राहू द्या हो, चांगला आहे तो फोटो.

सासरे : चांगला आहे, पण तुझा नाही. ये, अशी खिडकीशी ये. मागं ते पान आलं पाहिजे. जहाजावर त्यालाही कळू दे, घराभोवती काय काय आहे ते.

सून : आत्ता? केससुद्धा विंचरले नाहीत मी. हाताला साबण आहे.

सासरे : असू दे. आता तिरकी का झालीस?

सून : मी फोटोत अशीच उभी राहते.

सासरे : कधीपासून?

सून : झाली आता सवय.

सासरे : सरळ बघ. माझ्याकडं. हां... हनुवटी वर, सूनबाई. अजून थोडी. दिसू दे.